पुढचं पान

त्या वर्षी सरोवर आत सरकलं,
मका दाणा धरायच्या आधीच करपला,
आणि मंडळीच्या दारात ट्रक आला, चाळीस पोती घेऊन.
किल्ली माझ्याकडं. यादी माझ्याकडं. तराजूही मीच धरला.
हापशाचा वायसर गेला की हाक मला,
मासळी वाळवायचं मचाण मोडलं तरी मला,
आणि शनिवारी रात्री, कंदिलाची वात खाली करताना
आठवायचं: उद्या उपदेश.

कमरेला किल्ल्यांचा जुडगा बांधूनच मी प्रार्थना करी.
गुडघे टेकले की आधी तो वाजायचा.
खोटं कशाला बोलू, मला तो आवाज आवडायचा.

एका रविवारी व्यासपीठावर चढलो,
खिशातून कागद काढला, वाचू लागलो:
चिर्वा, सहा माणसं, दोन बादल्या.
न्यिरोंगो, तिघं आणि एक तान्हं, एक बादली...
कोणीतरी सवयीनं ‘आमेन’ म्हणालं.
उपदेशाचा कागद घरी उशाखाली राहिला होता.
थांबायला हवं होतं. थांबता येईना.
शेवटच्या नावापर्यंत वाचत गेलो.

मग मागच्या बाकावरून न्यागोंद्वे उठली,
चितेंजेची गाठ घट्ट करत,
अगदी हळू विचारलं,
‘पाळकबाबा, पुढचं पान आहे का?’

नव्हतं.
नवरा गेला तेव्हा त्याच्या नावावर रेघ मारली मी,
आणि त्या रेघेखाली तीही गेली.
तीन आठवडे रांगेच्या शेवटी उभी राहून
रिकामी बादली घेऊन परतत होती.
त्याच्या मातीला मीच बोललो होतो,
पाऊण तास, विधवांचा कैवार घेणाऱ्या देवावर.

दुपारी आंब्याखाली बैठक.
सायकली दुरुस्त करणारा योताम म्हांगो, बोटं काळी, म्हणाला,
‘तुम्ही बोलायचं काम करा, पण ते तरी धड करा.
पाच रविवार तेच हरवलेलं मेंढरू शोधताय,
सापडलं असेल हो एव्हाना.’
सगळे हसले. मीही, जरा उशिरानं.
हापसा योतामकडं गेला.
कोठार लुसुंगूकडं, जिच्या नावाचा अर्थच दया,
आणि जी हिशेबात कोणाला दयामाया दाखवत नाही.
तराजूवर बराच वेळ कोणी बोलेना.
मग कोणाच्या तरी आजीनं काठीनं बोट दाखवावं तसं दाखवलं:
‘जिची बादली रिकामी गेली, माप तिच्या हाती द्या.’

किल्ल्या सोडताना गाठ सुटेना.
लुसुंगूनं दातांनी सोडवली.

त्या रात्री मी कोठाराभोवती दोन फेऱ्या मारल्या,
कुलूप ओढून पाहिलं.
आतून आवाज आला, ‘झोपा पाळकबाबा.’
ती उंदीर राखत बसली होती.

मला वाटलं होतं, वाटणी झाली:
त्यांच्याकडं भाकर, माझ्याकडं वचन.
पण न्यागोंद्वे माप भरताना बोलते.
बादलीचा काठ तळहातानं सपाट करते,
मग चिमूटभर वर टाकते, म्हणते,
‘हे हिशेबात नाही. हे त्याचं.’
पोरं तोंड उघडी टाकून ऐकतात.
मला ते वाक्य कधी सुचलं नव्हतं.
मी ते रविवारी वापरलं, तिचं नाव घेऊन.
ती मागच्या बाकावर डुलक्या घेत होती.

आता शनिवारी माझ्याकडं वेळ असतो.
वेळ ही अवघड गोष्ट आहे, तिच्यात स्वतःचा आवाज ऐकू येतो.
मेंढरू सोडलं. एकेक ओळ धरून बसतो,
काही ओळी हाती लागत नाहीत.

काल कोठाराच्या दारावर नवी यादी लागली,
अक्षर लुसुंगूचं, नावं न्यागोंद्वेनं सांगितलेली.
मी सवयीनं शेवटपर्यंत वाचली.
कोणी राहिलं नव्हतं.
खाली, समासात, कागद संपता संपता:
गुरुवार. मोठी पातेली. पाळक.